वाहन चालवण्यास योग्य

"डॉक्टर, सही करायच्या आधी जरा डोळं बघा की," चौगुले मामा म्हणाले.

मी मान वर केली नाही. टेबलावर वीस-बावीस अर्जांचा गठ्ठा होता, बाहेर बाकावर, पायऱ्यांवर माणसं बसली होती आणि आत कफाच्या खोकल्याचं एक मूल तपासायचं राहिलं होतं.

"मामा, तुमचे डोळे मी काय बघायचे?" मी म्हणालो. "तीस वर्षं एसटी चालवलीत. आंबोलीचा घाट धुक्यात उतरवलात. एक ओरखडा नाही गाडीला."

"ते खरं. पन बघा की. संध्याकाळचं समोरनं लाईट आली की सगळं पांढरं पांढरं हुतंय."

"वय किती आता?"

"सदुसष्ट."

"मग होणारच थोडं. मलासुद्धा होतं." मी शिक्का उमटवला, सही केली, कागद त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या. पाच वर्षांची निश्चिंती."

त्यांनी कागद लगेच उचलला नाही. "म्हंजे झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं," ते म्हणाले. मग कागदाची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि दारापाशी जाऊन पुन्हा एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पैसे विचारायचेत. "तुमच्याकडून काय घ्यायचं, मामा," मी म्हणालो, आणि पुढचा अर्ज ओढला.

वाहतुकीचे नवे दंड लागू झाले तो हा डिसेंबर. तोपर्यंत आमच्या भागात लायसन्स म्हणजे पाकिटात घालून विसरून जायचा कागद होता. मुदत संपून चार-चार वर्षं झाली तरी कुणाला पत्ता नसे. आता चौकात पोलीस उभे राहू लागले. अमक्याला पाच हजारांचा दंड बसला, तमक्याची गाडीच ठाण्यात लावली, अशा गोष्टी चहाच्या टपऱ्यांवर फिरू लागल्या आणि सगळा तालुका एकदम कायदेशीर व्हायला निघाला. चाळिशी उलटलेल्याला नूतनीकरणासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. अर्जदाराची दृष्टी, ऐकणं, हातपाय मी स्वतः तपासले असून तो वाहन चालवण्यास योग्य आहे, असं त्यावर छापलेलं असतं. खाली डॉक्टरची सही. मी त्या महिन्यात ते वाक्य एकदाही पूर्ण वाचलं नाही. काही अर्ज तर एजंट गठ्ठ्यानं आणून देत होता. माणसं मी पाहिलीही नव्हती.

मला ते वाईट वाटत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. उलट, गरिबांची अडवणूक न करणारा डॉक्टर अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडत होती.

चौगुले मामा निवृत्त झाल्यावर मुलाचा दुधाचा टेंपो चालवत. मुलगा विलास एक टेंपो चालवी, दुसरा मामा. सकाळी आणि संध्याकाळी गावोगावचं दूध गोळा करून शीतकेंद्रावर पोचवायचं. संध्याकाळची फेरी ऐन दिवेलागणीची.

सही करून तीन आठवडे झाले असतील. संक्रांत जवळ आली होती, गुऱ्हाळं चालू होती. अंधार पडता पडता दवाखान्यासमोर एक जीप करकचून थांबली आणि चौघांनी एका मुलीला चादरीत घालून आत आणलं. अनुराधा, शंकर रेडेकरांची मुलगी. अंगणवाडीत सेविका होती, बावीस-तेवीस वर्षांची. लहानपणापासून तिच्या गोवरापासून तापापर्यंत सगळं मीच पाहिलेलं. वाघजाई फाट्यावरून कडेकडेनं सायकल हातात धरून घरी चालली होती. डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता.

मी मांडीला पट्टा आवळून बांधला, सलाईन लावलं आणि जीपमध्ये तिच्याबरोबर बसलो. कोल्हापूरपर्यंत रक्त थोपवून धरायचं होतं. शंकरराव पुढे बसले होते. तिचा चुलतभाऊ मागे माझ्याशेजारी सलाईनची बाटली धरून बसला होता. आजरा मागे पडल्यावर तो म्हणाला, "चौगुल्याच्या टेंपोनं उडवलं."

"कुठल्या चौगुल्याच्या?"

"यश्वंता चौगुले. दूधवाले. उसाच्या ट्रॅक्टरची लाईट आली समोरनं, त्यांनी कडंला घेतली. म्हणतात, पोरगी दिसलीच न्हाई."

माझे हात जखमेवर दाबलेले होते, ते मी तसेच ठेवले. ती डोळे अर्धे मिटून कण्हत होती. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा ती आली नाही, मामा आले नाहीत. माझ्या मनात आलं, दाखल्याची दुसरी प्रत कुठे असेल?

पाय वाचला नाही. जीव वाचला. पहाटे शस्त्रक्रियेच्या खोलीतून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, जागेवर पट्टा बांधला नसता तर मुलगी इथपर्यंत आलीच नसती. शंकररावांनी ते ऐकलं आणि भर वऱ्हांड्यात, माणसांच्या देखत, ते माझ्या पायावर वाकले.

"डॉक्टरसाहेब, पोरगी तुमी दिली मला."

"उठा, शंकरराव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार केसरकर दवाखान्यात आले. साधा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच घ्यायचा.

"डॉक्टर, चौगुल्यांच्या लायसन्सला तुमचा दाखला आहे. डिसेंबरातलाच. डोळे तपासल्याची नोंद असेल ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग वही घेऊन उद्या ठाण्यात या. साहेबांना एक प्रत पाहिजे. बाकी काही नाही."

ते गेल्यावर मी दार लोटलं आणि तपासणीची वही काढली. डिसेंबरच्या त्या तारखेखाली दोन ओळींएवढी जागा मोकळी होती. त्या दिवशी निळ्या शाईचं पेन वापरलं होतं. ते ड्रॉवरमध्ये शोधून काढलं. यशवंत दत्तू चौगुले, वय ६७. दृष्टी. इथे थांबलो. सहा-सहा, म्हणजे निर्दोष दृष्टी, लिहिलं तर या वयाला कुणी खरं मानणार नाही. म्हणून दोन्ही डोळ्यांपुढे किंचित कमी, सहा-नऊ लिहिलं. चष्म्याविना. खोटं बोलतानाही मी चांगला डॉक्टर होतो.

शोभाताई, माझ्याकडे अठरा वर्षं औषधं देणाऱ्या बाई, मधल्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, माहीत नाही. त्यांनी विचारलं, "चहा टाकू?" मी हो म्हणालो. त्यांनी चहा आणला, वहीच्या शेजारी ठेवला आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

ठाण्यात मामा एका लाकडी स्टुलावर बसले होते. अंगावर दोन दिवसांचा चुरगळलेला सदरा. विलास भिंतीला टेकून उभा होता. साहेबांनी वही पाहिली, पान उलटून मागचं पुढचं पाहिलं आणि मामांना विचारलं, "काय हो, डॉक्टरांनी डोळे तपासले होते का तुमचे?"

मी टेबलाच्या कडेला हात ठेवला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. शांतपणे, एखाद्या ओळखीच्या प्रवाशाकडे पाहावं तसं.

"तपासले की," ते म्हणाले. "खुर्चीवर बसवून तपासले. तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. एक डोळा झाकून, मग दुसरा. सगळी वाचली मी."

"मग पोरगी दिसली कशी नाही?"

"ध्यान न्हवतं साहेब माझं. चूक माझी हाय."

विलास पुढे झाला. "आबा, तुमी मला म्हणला हुतासा की लाईट..."

"तू गप," मामा म्हणाले.

जबाबावर त्यांनी सही केली. मी साक्षीदार म्हणून खाली केली. बाहेर पडताना मी त्यांच्याजवळ गेलो, पण ते विलासचा हात धरून पायरी चाचपत उतरत होते. पायरी चाचपत. ते मी पाहिलं आणि घरी गेलो.

त्यानंतरची अडीच वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझ्याकडून काहीच घडलं नाही. अनुराधाला कृत्रिम पाय बसवला. सहा-सात महिन्यांनी ती पुन्हा अंगणवाडीत जाऊ लागली. विमा कंपनीकडून भरपाई मिळायला दोन वर्षं लागली, पण मिळाली. मामांचं लायसन्स रद्द झालं, खटला चालला आणि चार महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात जाण्याआधी विलासनं त्यांचे डोळे कोल्हापूरला दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकलेला. अर्ध्या अर्ध्या तासाची दोन ऑपरेशनं. चष्मा लावून ते आत गेले, सगळं स्वच्छ दिसत असताना.

आणि दर वर्षी गुऱ्हाळ उरकलं की शंकरराव माझ्या घरी गुळाची एक ढेप आणून ठेवत. "पोरीचा जीव वाचवणाऱ्याचा वाटा," म्हणत. मी ती घेत होतो. पहिल्या वर्षी नको म्हणालो, तर त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी नको म्हणालो नाही.

मामा सुटून आले त्यानंतर आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. मला त्यांचे आभार मानायचे होते. इतकी वर्षं न मानलेले. ते सोप्यात बसून सुपात ज्वारी निवडत होते. खडे बाजूला काढून ताटलीत टाकत होते, अगदी बारीक खडेसुद्धा.

"या डॉक्टर," ते म्हणाले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी बसलो. तब्येतीचं विचारलं. मग म्हणालो, "मामा, ठाण्यात तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्याची परतफेड मला या जन्मात..."

"तुमच्यासाठी?" त्यांनी हात थांबवला. "तुमच्यासाठी कशाला बोलू?"

हातातला खडा त्यांनी ताटलीत टाकला.

"ठाण्यात यायच्या आधी वकिलानं मला सांगितलं हुतं," ते म्हणाले. "दाखला खोटा निघाला तर लायसन्सबी खोटं हुतंय. मग कंपनी हात वर करती. पोरीला भरपाईचं काय मिळालं असतं? माझ्याकडं काय हाय द्यायला, दोन टेंपो, तेबी बँकेचं. म्हणून म्हटलं, तपासले. तुमचं नाव त्यात आलं, त्याला मी काय करू."

अडीच वर्षं मी या माणसाच्या उपकाराच्या ओझ्याखाली होतो. त्या ओझ्यातही एक प्रकारचं सुख होतं. कुणीतरी आपल्याला वाचवण्याजोगं मानलं, याचं. ते त्यांनी एका वाक्यात काढून घेतलं, तेही सहज, खडा काढावा तसं.

"पण मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुमचे डोळे बघायला हवे होते. तुम्ही सांगत होतात."

"सांगत न्हवतो. मागत हुतो."

"काय?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "डॉक्टर, मी सही घ्यायला आलो न्हवतो तुमच्याकडं. मला दिवाळीपासनंच दिसत न्हवतं संध्याकाळचं. विलासला दोनदा म्हटलं, आता नको मला गाडी. तो म्हणाला, आबा, कंटाळा आला म्हणून डोळ्याचं निमित्त सांगू नका, दुसरा ड्रायव्हर कुठनं आणू? त्याचंबी खोटं न्हवतं, दोन हप्ते डोक्यावर. मग म्हटलं डॉक्टरकडं जावं. तुमी 'नाही' म्हणून लिहून दिलं असतं, तर तो कागद त्याच्यापुढं ठेवला असता. घरात माझं कोण ऐकत न्हाई, पन तुमचं ऐकत्यात."

बाहेर रस्त्यावरून एक टेंपो गेला. आवाज दूर जाईपर्यंत ते थांबले.

"दोन-तीनदा म्हटलं तुमाला, बघा की, बघा की. शेवटी दारात उभा राहिलो. तुमी म्हणालासा, तुमच्याकडून काय घ्यायचं. घरी आलो तर विलास म्हणाला, बघा, डॉक्टरनंच लिहून दिलंय, तुमाला काय झालंय? त्याच्यावर मी काय बोलणार?"

"मामा, मी..."

"तुमी वाईट माणूस न्हाईसा," ते म्हणाले. "गर्दी हुती." आणि त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला तिथून उठता आलं असतं. मी बराच वेळ बसून राहिलो. त्यांनी मला उठवलंही नाही आणि थांबवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणवाडीत गेलो. मुलं खाऊ खाऊन घरी गेली होती. अनुराधा पाट एकावर एक रचून ठेवत होती. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, नेहमीसारखा. "या ना, डॉक्टरकाका. कुणाला लस द्यायचीय?"

"नाही. तुझ्याशी बोलायचंय."

ती पायरीवर बसली, पाय लांब करून. मी खालच्या पायरीवर बसलो. सगळं सांगितलं: गठ्ठ्यातल्या सह्या, मामांचं 'बघा की', जीपमध्ये माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते, निळं पेन, सहा-नऊ. मामा का खोटं बोलले तेही सांगितलं. मी सांगत असताना ती पदराला लागलेला खिचडीचा डाग नखानं खरवडत राहिली.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे."

"त्यांना मी सांगेन. तुम्ही जाऊ नका." मग म्हणाली, "ते तुमच्या पाया पडले होते."

"हो."

"तुम्ही पडू दिलंत."

"हो."

माफी मागण्यासाठी मी शब्द जुळवून आणले होते, घरून निघताना मनात घोळवले होते. ते मी बोलू लागलो. तिनं हात वर करून थांबवलं, अंगणवाडीतल्या मुलांना थांबवतात तसं.

"माझं राहू दे, काका. माझा पाय तर गेला, तो तुमच्या बोलण्यानं येत नाही. त्या महिन्यात आणखी किती जणांच्या कागदांवर अशा सह्या केल्या?"

मी हिशेब केला नव्हता. खरंच कधी केला नव्हता. "साठेक असतील. जास्तही."

"ते सगळे अजून गाडी चालवतात?"

"बहुतेक."

"याच रस्त्यावर?"

"हो."

ती उठली, भिंतीला धरून, आणि दाराला कुलूप लावायला वळली. "मग इथं काय बसलाय?" ती म्हणाली.

मी पोलिसांत लेखी जबाब दिला. आधी वकिलाला विचारून घेतलं की तिच्या भरपाईला धक्का लागत नाही. माझी चौकशी झाली, नोंदणी काही काळ स्थगित झाली, गावात नाव गेलं. शोभाताईंनी दवाखान्याची किल्ली माझ्याकडून घेतली आणि म्हणाल्या, "मी झाडून ठेवत जाईन." शंकरराव त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि ते योग्यच होतं. हे सगळं सोसायला कठीण होतं असं मी म्हणणार नाही. कठीण दुसरंच होतं.

वाहन कार्यालयातून माझ्या सहीच्या अर्जांची यादी मिळवली. मामांचं सोडून त्रेसष्ट नावं. दृष्टी तपासायचा तक्ता गुंडाळून काखेत घेतला, मोजायला टेप घेतली आणि मोटरसायकलवरून गावं धरली. पहिलं घर कृष्णा दळव्यांचं. उसाच्या ट्रॅक्टरवर असतात. गोठ्याच्या भिंतीला तक्ता लावला, सहा मीटर मोजून त्यांना उभं केलं, एका डोळ्यावर हात ठेवायला लावला. तिसऱ्या ओळीला ते अडखळले. पुन्हा प्रयत्न केला, डोळे बारीक केले, मान पुढे काढली.

"दिसत न्हाई, डॉक्टर," ते हसत म्हणाले. मग हसणं थांबलं. "पन तुमीच दाखला दिलासा की. डोळं चांगलं हाईत म्हणून. तवा कसं काय दिसलं?"

त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. सून होती. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"तेव्हा मी तपासलंच नव्हतं," मी म्हणालो.

त्रेसष्टपैकी चौघे वारले होते, तिघे गाव सोडून गेले होते. उरलेल्या छप्पन्न घरी मी गेलो. अकरा जणांना गाडी चालवू नका असं साध्या कागदावर, शिक्क्याविना लिहून दिलं, त्यातल्या नऊ जणांनी ऐकलं. आणि प्रत्येक घरात, कुणी विचारो न विचारो, मी ते वाक्य बोललो. वाटलं होतं, दहा-बारा घरं झाली की सरावानं सोपं जाईल. नाही गेलं.